दोन क्लासमधली दुपार

आमच्या चंदगड तालुक्यातल्या माणसाला बाजारहाटासाठी बेळगावच जवळचे. कोल्हापूर जिल्ह्याचे ठिकाण खरे, पण आमच्या घरात त्याचे नाव निघे ते कलेक्टर कचेरीत काही काम अडले, सीपीआर या सरकारी रुग्णालयात कुणाला दाखल केले किंवा कुणाची परीक्षा असली तरच. त्यामुळे २००४ च्या उन्हाळ्यात, बारावीची परीक्षा आटोपल्यावर वडिलांनी मला गडहिंग्लजवरून जाणाऱ्या एसटीत बसवून दिले, तेव्हा शहर पाहणे हा त्यातला हेतू नव्हताच. सुट्टी वाया जाऊ नये म्हणून सकाळी मराठी टंकलेखन आणि संध्याकाळी इंग्रजी संभाषण असे दोन क्लास लावायचे, आत्याकडे राहायचे आणि पाऊस लागण्याआधी गावी परत यायचे, एवढेच ठरले होते.

टायपिंगचा क्लास राजारामपुरीत साडेनऊला सुटत असे आणि इंग्रजीचा मंगळवार पेठेत चारला भरत असे. आत्या कसबा बावड्यात पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होती. मामा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत रात्रपाळी करत आणि सकाळी येऊन झोपत. पहिल्याच सकाळी डबा हातात देताना आत्याने सांगून टाकले, "दुपारचं घरला येऊ नगंस बाई. मामांची झोप मोडली की रातच्याला भट्टीपुढं उभं ऱ्हायाला जमत न्हाई त्यास्नी." तिच्या बोलण्यात जराही कडवटपणा नव्हता आणि मलाही त्यात वावगे काही वाटले नाही. पण त्या एका वाक्याने माझी दुपार शहराच्या हवाली केली. पर्समध्ये केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, परतीच्या भाड्याएवढे आणि फार तर एक पेला उसाचा रस घेता येईल एवढे पैसे असताना, एप्रिल-मेच्या उन्हात, रोज साडेसहा तास काढायचे होते. कोल्हापूर मी पाहिले ते या गरजेपोटी. आजही माझ्या मनात या शहराचा जो नकाशा आहे, त्यात प्रत्येक ठिकाणापुढे तिथे पैसे न देता, कुणी न उठवता, सावलीत किती वेळ बसता येते याची नोंद आहे.

टायपिंगविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. एका लांबट खोलीत ओळीने मांडलेली यंत्रे एकाच वेळी खडखडत असत, मिनिटाला ३० शब्दांचा वेग गाठायचा असे आणि क्लास सुटल्यावरही बराच वेळ कानांत तोच आवाज घुमत राही. बाहेर पडल्यावर राजारामपुरीच्या सरळ, क्रमांकांच्या गल्ल्या लागत. सावली तिथे भरपूर होती, पण ती बंगल्यांच्या कुंपणाआतल्या झाडांची. रस्त्यावर सांडलेल्या तेवढ्या भागात उभे राहता येई, बसता येत नसे. दवाखाने, दुकाने, क्लासेस. प्रत्येक पायरीवर कुणाचा तरी हक्क होता.

खरे तर कोल्हापुरात बसायच्या जागांना तोटा नाही. जुन्या शहरात पेठेपेठेत तालीम आहे आणि तालीम म्हटली की कट्टा आलाच. तालीम हे नुसते कुस्तीचे ठिकाण राहिलेले नाही. तीच गणेशोत्सवाचे मंडळ असते, तीच फुटबॉलचा संघ असते आणि गल्लीतल्या अडल्यानडल्याचा पहिला आधारही तीच असते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे मी आधी ऐकली ती फुटबॉलमुळे. चारच्या इंग्रजीच्या क्लासात शाहू स्टेडियमवरचा गलका खिडकीतून आत येई; मोठा आवाज झाला की आमचे सर वाक्य अर्ध्यावर सोडून कान देत आणि कुणी गोल मारला असेल याचा अंदाज मराठीत सांगून पुन्हा इंग्रजीकडे वळत. पण कट्टा पुरुषांचा. तिथे मला कुणी त्रास दिला असे एकदाही झाले नाही, उलट क्षणभर थांबले तरी कुणीतरी उठून विचारी, "ताई, कुणाकडं जायाचं हाय?" विचारणाऱ्याच्या मनात मदतच असे. अडचण एवढीच होती की या प्रश्नाला उत्तर असावे लागते. पुरुषाला रस्त्यावर नुसते असता येते, बाईला मात्र कुठेतरी जायचे असावे लागते, हे मला त्या उन्हाळ्यात कळले. मग टंकलेखनाचे पुस्तक छातीशी धरून, वेळ चुकत चालल्यासारखी भराभर चालत मी उमा टॉकीज आणि आझाद चौक मागे टाकून बिंदू चौक गाठायला शिकले.

बिंदू चौकात जुन्या तटबंदीचा राहिलेला भाग आहे. सकाळी त्याच्या कडेला थोडी सावली मिळे. समोर महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते ९ डिसेंबर १९५० रोजी उभे राहिले, म्हणजे खुद्द बाबासाहेब हयात असताना. संध्याकाळच्या सभांसाठी प्रसिद्ध असलेला हा चौक सकाळी मात्र केवळ रहदारीचा असतो आणि तिथे रेंगाळण्यात अर्थ नसे. पुढे भवानी मंडप, आणि त्याच्या बाजूला माझे पहिले खरे ठाणे, करवीर नगर वाचन मंदिर.

ही संस्था १८५० सालची, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षाही सात वर्षांनी जुनी. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला दिसला तो पंखा. उतरत्या फळ्यांच्या मेजांवर वर्तमानपत्रे लावलेली होती आणि प्रत्येक वर्तमानपत्रापुढे एकेक निवृत्त गृहस्थ उभे होते. त्यांच्यात एक न लिहिलेली शिस्त होती. कुणाच्या वाचनाची पाळी कधी संपते, पान उलटायला मान हलवून परवानगी कशी मागायची, शब्दकोडे पेन्सिलीने सोडवणाऱ्याकडे बाकीच्यांनी कोणत्या नजरेने पाहायचे, हे सारे ठरलेले होते. मी त्या मेळाव्यात परकी होते, पण वाचनालयात आलेल्याला तुम्ही कुणाकडे आलात असे कुणी विचारत नाही. पुस्तक उघडे असले की पुरे. एक वयस्कर गृहस्थ दोन-तीन दिवसांनी आपण होऊन म्हणाले, "बाळ, त्या कोपऱ्यात बस, तिथं वारं चांगलं लागतंय." त्यानंतर ती खुर्ची माझीच असल्यासारखी झाली.

राजर्षी शाहू महाराजांविषयी मी प्रथम सलग वाचले ते त्या खुर्चीत. शाळेत त्यांच्याविषयी चार तारखा पाठ केल्या होत्या. २६ जुलै १९०२ ला नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, वगैरे. इथे वाचताना मला धरून ठेवले ते गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाने. हे गृहस्थ दरबारच्या पागेत नोकर होते. पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली, आणि त्यांनी महाराजांपुढे पाठ उघडी केल्यावर महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना भांडवल देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढून दिले. त्यावर 'सत्यसुधारक' अशी पाटी लागली. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण घेणार, हा प्रश्न उरलाच होता. मग महाराज फेरफटक्याला निघाले की गाडी तिथे थांबवत, स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. मी रोज ज्या रस्त्याने जात होते त्याच रस्त्यावर हे घडले होते. एखाद्या जागी कुणी बसायचे आणि कुणी बसायचे नाही हा प्रश्न राजाला कायद्याइतकाच महत्त्वाचा वाटला, आणि त्याने तो तिथे स्वतः बसून सोडवला, ही गोष्ट मला राखीव जागांच्या तारखेपेक्षा जास्त लवकर समजली. बसायला जागा शोधत हिंडणाऱ्याला ती समजणारच.

बारा वाजले की मला वाचनालयातून उठावे लागे, कारण डबा तिथे उघडता येत नसे. अंबाबाईच्या देवळात जाणे सर्वांत सोपे होते, कारण देवळात जाणारी मुलगी पाहून कुणाच्याही मनात प्रश्न येत नाही. पण दुपारच्या वेळी आवारातली फरशी अशी तापलेली असे की अनवाणी पावलांना सावलीच्या एका तुकड्यावरून दुसऱ्यावर अक्षरशः धावत जावे लागे. काथ्याच्या पट्ट्या अंथरून त्यावर पाणी मारलेले असले तर तेवढ्या ओल्या वाटेवर प्रदक्षिणा करणाऱ्या बायकांची दाटी होई. गरुड मंडपाच्या लाकडी खांबाला टेकले की मात्र बाहेरचे ऊन विसरायला होई. काळ्या दगडाच्या देवळाचा गारवा आत भरून राहिलेला, आणि पुढ्यात सतत सरकणारी रांग. जवळच बसणाऱ्या एका फुलवाल्या मावशींनी मला किरणोत्सवाची हकीकत सांगितली. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून थेट देवीपर्यंत पोहोचतात. "तू चुकीच्या दिवसात आलीयास बघ," असे त्या म्हणाल्या आणि आता ऊन फक्त आपल्या डोक्यावर पडतेय, अशी पुस्ती जोडून स्वतःच हसल्या. तेव्हा मणिकर्णिका कुंडाच्या जागी बाग होती. खाली कुंड बुजलेले आहे हे त्या बागेत बसणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असावे. आता कुंड उकरून मोकळे केले आहे, जे योग्यच झाले. तरी त्या बागेच्या कठड्यावर बसून शेंगा खाल्लेल्या माणसाला थोडी चुटपुट लागतेच.

डब्यासाठी मी शिवाजी चौक आणि महापालिका ओलांडून टाऊन हॉलच्या बागेत जात असे. माझ्या नकाशातली ही सर्वांत मोठी नोंद. इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली, उतरत्या छपराची, टोकदार कमानींची. भोवती जुनी, प्रचंड झाडे आणि समोर सीपीआर हॉस्पिटल. आत वस्तुसंग्रहालय आहे. नदीकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले. तिथे सापडलेल्या आणि या संग्रहालयात ठेवलेल्या वस्तूंपैकी सर्वांत नावाजलेली म्हणजे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची वीतभरही नसलेली कांस्यमूर्ती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाराच्या वाटेने ती समुद्रापासून इतक्या दूर, घाट चढून, पंचगंगेच्या काठी आली. तिकीट नाममात्र होते, पण तेवढ्यात उसाचा रस येत असल्यामुळे संग्रहालयात मी एकदाच गेले. बागेत मात्र रोज.

ती बाग खऱ्या अर्थाने सीपीआरमधल्या रुग्णांच्या नातेवाइकांची होती. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, सगळ्या जिल्ह्यातून आलेली माणसे तिथे झाडांखाली पोती आणि चादरी अंथरून असत. एका झुडपावर वाळत घातलेले हिरवे लुगडे, शेजारी पितळी डबा, आणि वडाच्या पारंबीला अडकवलेली औषधांची पिशवी. त्या लुगड्याच्या मालकिणीने मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हटकले, "कुणाची गं तू? गाव कंचं?" गावाचे नाव सांगितले तर ती आमच्याच खोऱ्यातली, ताम्रपर्णीच्या पलीकडच्या काठची निघाली. काजू काढताना झाडावरून पडून तिच्या नवऱ्याचा पाय मोडला होता. माझ्या डब्यातली पोळी तिने नाइलाजाने घेतली आणि तिच्या भाकरीवरचा खर्डा मला मोठ्या आग्रहाने वाढला.

शहर कसे वापरायचे हे मला शिकवले ते या काकूंनी. कोणत्या नळाला दुपारीही गार पाणी येते, कोणत्या झाडाखाली दोन वाजल्यानंतर ऊन सरकते म्हणून आधीच जागा बदलायची, वॉर्डात भेटायची वेळ कधी आणि ती चुकली तर कुणाला कसे बोलायचे, धुणे कुठे आणि किती वाजता धुतले तर कुणाची हरकत नसते, हे सारे त्यांनी निरक्षर असूनही पक्के जुळवून ठेवले होते. पंचगंगेच्या घाटावर त्या मला एका दुपारी घेऊन गेल्या. नदी तळाला गेली होती, दगडी पायऱ्या शेवटपर्यंत उघड्या पडल्या होत्या आणि एरवी पाण्यात असणारी लहान देवळे कोरडी उभी होती. याच नदीला राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका मानतात हे मला दुसऱ्या वर्षी, २००५ च्या महापुराच्या बातम्यांमधून कळले. काकूंनी मात्र त्या कोरड्या पायऱ्यांकडे पाहत लगेच सांगितले, "आपल्याकडं पडतंय ते पाणी हिकडं न्हाई येत. आपलं बेळगावाकडं जातंय." ते बरोबर होते. ताम्रपर्णी घटप्रभेला मिळते, पंचगंगेला नाही. बाजाराप्रमाणे आमचे पाणीही कोल्हापूरला बगल देऊन जाते, हे मला भूगोलाच्या पुस्तकाने कधी इतके स्पष्ट सांगितले नव्हते.

टाऊन हॉलपासून दसरा चौक चालत काही मिनिटांवर. चौकात शाहू महाराजांचा पुतळा आणि आसपास बोर्डिंगांच्या इमारती. मराठा बोर्डिंग १९०१ मध्ये निघाले, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहे निघाली, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातल्या मुलाला शिकायला शहरात यायचे तर फीपेक्षा आधी त्याच्या डोक्यावर छप्पर लागते, ही साधी गोष्ट ज्या राज्यकर्त्याने ओळखली त्याच्या शहरात मी छप्पर शोधत होते. जातवार वसतिगृहांवर टीका करता येते आणि झालीही आहे. पण सर्वांसाठी खुल्या म्हटलेल्या जागेत प्रत्यक्षात कुणाला शिरकाव मिळतो हे पाहून काढलेला तो मार्ग होता, असे मला वाटते. ती बोर्डिंगे मुलग्यांची होती, हे मात्र मी त्या वयातही फाटकातून पाहून घेतले होते.

तीननंतर परतीची वाट, आणि बहुधा खासबागेजवळ शेवटचा मुक्काम. कुस्त्यांचे मैदान १९१२ सालचे आणि त्याला लागूनच असलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ सालचे. रोममधले कलोझियम पाहून आल्यावर महाराजांनी मैदानाची कल्पना केली असे सांगतात. दुपारी ते अगदी ओस असे. नाट्यगृहाच्या पोर्चमध्ये सावली होती, पण तिथे उभे राहायला मला धीर होत नसे. तो प्रश्न वळवाने सोडवला. मेच्या मध्यावर एका दुपारी आकाश काळे झाले, धुळीचा लोट उठला, मंगळवार पेठेतल्या दुकानांचे पत्रे वाजू लागले आणि पाठोपाठ गारा आल्या. जो तो पोर्चकडे पळाला. भाजीवाली, दोन पहिलवान, सायकलवरचा पाववाला, शाळकरी मुले आणि मी. आत कुठल्याशा नाटकाचे सामान उतरवत होते. त्यातल्या एकाने दार उघडून सगळ्यांना आत घेतले. अंधाऱ्या प्रेक्षागृहात, मखमली पडद्यासमोर, भिजलेल्या कपड्यांनी आम्ही बसलो. रंगमंचावर दोघे जण खोट्या घराची भिंत उभी करत होते, आणि भाजीवाली त्यांना दार डावीकडे घ्या म्हणून सुचवत होती. त्यांनी ते डावीकडे घेतलेही. त्या दिवसानंतर मी पोर्चमध्ये बिनधास्त उभी राहू लागले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती. बातमीतले छप्पर कोसळतानाचे चित्र पाहताना मला तिथे पाहिलेले एकही नाटक आठवेना, कारण मी तिथे नाटक कधी पाहिलेच नव्हते. आठवला तो पोर्च आणि ती अंधारी दुपार. आपण शहरातल्या एखाद्या वास्तूचे प्रेक्षक नसतानाही तिचे काहीतरी लागत असतो, हे त्या रात्री अनेकांना जाणवले असणार. रस्त्यावर रडणाऱ्यांत सगळेच काही नट नव्हते.

माझी भाची आता कोल्हापुरात सीईटीच्या क्लाससाठी राहते. क्लासच्या मधला वेळ कुठे काढतेस, असे मी तिला विचारले तर तिला प्रश्नच कळेना. "आत्या, अभ्यासिकेत माझी खुर्ची आहे की," ती म्हणाली. महिन्याचे पैसे भरले की क्रमांकाची खुर्ची, डोक्यावर पंखा, फोनसाठी प्लग आणि दारावर कॅमेरा. कुणाकडे जायचे आहे असे तिथे कुणी विचारत नाही. मुलींना असा निवांत कोपरा विकत का होईना मिळू लागला, याला नावे ठेवायची माझी इच्छा नाही. मला तेव्हा परवडला असता तर मी तोच घेतला असता, आणि मग काकू भेटल्या नसत्या एवढेच. पण ज्यांना महिन्याचे पैसे भरता येत नाहीत त्या मुलींच्या वाट्याला जुन्या शहरात आज काय उरले आहे, हे पाहत मी परवा भवानी मंडपापासून टाऊन हॉलपर्यंत चालले. कठड्यांवर जिथे बसत असू तिथे गाड्या लावलेल्या होत्या. टाऊन हॉलची झाडे मात्र उभी आहेत, आणि त्यांच्याखाली चादरीही.

भाचीला वाटले मी तिला घरकोंबडी समजते आहे. म्हणून तिने सांगितले की एका रविवारी ती मैत्रिणींबरोबर शाहू महाराजांचे जन्मस्थळ पाहून आली, कसबा बावड्यातला लक्ष्मी विलास पॅलेस. "तू तर बावड्यातच राहत होतीस ना? तेव्हा कसा होता गं तो?" माझ्याकडे उत्तर नव्हते. सकाळी सातच्या बसने मी बावडा सोडत असे आणि अंधार पडल्यावर परत येत असे. ज्या राजाने मला दिवसभर सावली दिली असे मी मानत होते, त्याचे जन्मघर मी झोपत होते त्याच बावड्यात होते आणि माझ्या नकाशात ते नव्हते. येत्या मे महिन्यात आम्ही दोघी तिथे जाणार आहोत. दुपारी तिथे बसू देतात का, तेवढे तिने आधी विचारून ठेवायचे कबूल केले आहे.